टेबलावरची लढाई: सैन्य कसं उभं करतात आणि डोंगर का रंगवतात

डिसेंबर २०२४मध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी एफटीएसई १०० निर्देशांकात, म्हणजे लंडनच्या शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत दाखल झाली. बँका, तेल कंपन्या, औषध कंपन्या यांच्या पंक्तीत बसलेली नॉटिंगहॅमची ही कंपनी विकते काय, तर बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक. तेही तयार नाहीत. खोक्यातून प्लास्टिकच्या चौकटी निघतात, त्यांना सुटे हात, सुटी डोकी आणि सुट्या बंदुका जोडलेल्या असतात. गिऱ्हाइकाने ते तुकडे कापायचे, चिकटवायचे आणि आठवडेच्या आठवडे बसून रंगवायचे. त्याच महिन्यात याच कंपनीच्या 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळावर मालिका आणि चित्रपट काढण्याचा ॲमेझॉनचा करारही पक्का झाला. त्यात पुढाकार घेणारा अभिनेता हेन्री कॅव्हिल स्वतः हे सैनिक रंगवतो, याचीही मग चर्चा झाली.

बातमी वाचून बहुतेकांना पडलेला प्रश्न सरळ आहे. अर्धवट अवस्थेतलं खेळणं, तेही महागडं, लोक का घेतात? आणि ते रंगवून झाल्यावर थर्माकोलचे डोंगर आणि पडक्या भिंती कशाला बनवत बसतात?

खेळ म्हणजे नेमकं काय

सैनिकाच्या या छोट्या प्रतिकृतीला मिनिएचर म्हणतात. ती साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंच असते आणि एका गोल चकतीवर उभी असते. टेबलावर दोन सैन्यं समोरासमोर मांडतात. पट नसतो, घरं नसतात. अंतर मोजायचं ते मेजर टेपने, इंचांत. एखादा पायदळी सैनिक एका खेपेत सहा इंच चालू शकतो, त्याची बंदूक चोवीस इंचांपर्यंत पोहोचते. गोळी लागली का, चिलखताने ती अडवली का, हे फासे ठरवतात. हलवायचं कुणाला, कुठे आणि कधी, हे मात्र खेळाडू ठरवतो.

सैन्याचा खेळ आपल्याला नवा नाही. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ असं चतुरंग सैन्य पटावर मांडण्याची कल्पना भारतातलीच. पण बुद्धिबळात एक गोष्ट कधीच नव्हती, ती म्हणजे जमीन. चौसष्ट घरं एकसारखी सपाट. घोड्याला चिखल लागत नाही आणि प्यादं झाडाआड लपत नाही. ही उणीव प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातल्या रायस्वित्झ नावाच्या बापलेकांनी भरून काढली. १८१२मध्ये वडिलांनी राजाला एक टेबल भेट दिलं. त्यावर मांडायला टेकड्या, नद्या आणि रस्ते कोरून रंगवलेले प्लास्टरचे चौकोन होते. ते हवे तसे जुळवून नवं रणांगण तयार करता येई. १८२४मध्ये लेकाने तोच खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला. १८७०-७१च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर इतर देशांच्या सैन्यांनाही त्याची गोडी लागली.

सैन्याच्या कचेरीतला हा खेळ दिवाणखान्यात आणला तो एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. 'लिटल वॉर्स' हे त्याचं नियमांचं पुस्तक १९१३मध्ये आलं. त्यात शिशाचे शिपाई, स्प्रिंगवर चालणाऱ्या खेळण्यातल्या तोफा, लाकडी ठोकळ्यांची घरं आणि बागेतल्या काटक्यांची झाडं होती. गेम्स वर्कशॉप १९७५मध्ये सुरू झाली, 'वॉरहॅमर' १९८३मध्ये आला आणि त्याचं अंतराळातलं भावंड, म्हणजे '४०,०००', १९८७मध्ये. पुढची उदाहरणं मी याच खेळाच्या २०२३मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीतून घेतली आहेत, कारण सर्वाधिक लोक हाच खेळ खेळतात आणि त्याचं गणित समजावायला सोपं आहे.

दोन हजारांत काय काय बसवायचं

दोन्ही सैन्यं तुल्यबळ कशी ठेवायची? त्यासाठी प्रत्येक तुकडीची एक किंमत ठरलेली असते. ही किंमत पैशांत नव्हे, पॉइंटांत. दोघांनी आधी आकडा ठरवायचा आणि तेवढ्यातच सैन्य बसवायचं. छोट्या डावाला एक हजार पॉइंट आणि नेहमीच्या डावाला दोन हजार. दोन हजारांचा डाव ६० बाय ४४ इंचांच्या टेबलावर होतो आणि सहज तीन तास चालतो.

आता दोन हजारांत मूठभर जबरदस्त योद्धे घ्यायचे की स्वस्तातल्या शिपायांची झुंड? नवखा माणूस हमखास सर्वांत मोठा रणगाडा आणि सर्वांत भयानक राक्षस उचलतो. मग पाच फेऱ्या झाल्यावर त्याच्या लक्षात येतं, की आपण समोरचं निम्मं सैन्य कापलं तरी हरलो. कारण या खेळात गुण मारण्यापेक्षा जागा राखण्याचे जास्त असतात. टेबलावर ठराविक ठिकाणी खुणा ठेवलेल्या असतात. आपल्या पाळीला त्यांच्यापाशी आपली माणसं जास्त असली, तर गुण मिळतात. रणगाड्याला एकाच खुणेपाशी थांबता येतं, स्वस्तातल्या तीन तुकड्या तीन ठिकाणी थांबतात. म्हणून सैन्य निवडताना कामांची वाटणी आधी करायची: जागा धरून बसणारे कोण, जाड चिलखत फोडणारे कोण, आणि शेवटच्या फेरीत धावत जाऊन रिकामी खूण पकडणारे कोण. दिसायला देखणे कोण, हा विचार चौथा. (तो पहिला करणारे अनेक आहेत, आणि ते जास्त मजेत असतात असं माझं निरीक्षण आहे.)

एकच प्रबळ तुकडी दहा वेळा घेऊ नये म्हणून मर्यादाही आहे. दोन हजारांच्या सैन्यात बहुतेक प्रकारच्या तुकड्या जास्तीत जास्त तीन. शिवाय कंपनी दर काही महिन्यांनी किमती बदलते. जे फार जिंकतं ते महाग होतं, जे कपाटात पडून राहतं ते स्वस्त. त्यामुळे 'सध्या काय चालतंय' ते पाहून खरेदी करणाऱ्याची फजिती ठरलेली असते. तीस सैनिक जोडून रंगवायला त्याला चार महिने लागतात आणि तोवर त्यांचा भाव वधारलेला असतो.

या हिशोबात रंगालाही गुण आहेत, आणि हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. डावात कमाल १०० गुण मिळवता येतात: मुख्य कामगिरीचे ५०, दुय्यम कामगिरीचे ४० आणि उरलेले १० सैन्य रंगवलेलं असल्याबद्दल. करड्या प्लास्टिकचं सैन्य घेऊन आलात, तर दहा गुणांनी मागे राहूनच डावाला बसायचं.

एका गोळीबाराचं गणित

स्पेस मरीन हे या खेळातले सर्वांत ओळखीचे सैनिक, अंगभर चिलखत घातलेले. त्यांची दहा जणांची तुकडी थोडी पुढे सरकली आणि समोरच्या तशाच तुकडीवर तिने गोळीबार केला असं समजू. प्रत्येकाच्या दोन गोळ्या, म्हणजे वीस फासे.

नेम लागायला ३ किंवा जास्त हवेत, म्हणजे सहातल्या चार शक्यता. वीसपैकी सरासरी तेरा गोळ्या लागतात. बंदुकीची ताकद आणि समोरच्याचा काटकपणा सारखाच असल्याने जखम व्हायला ४ किंवा जास्त हवेत. तेराचे झाले साडेसहाच्या आसपास. आता समोरच्याची पाळी. त्याचं चिलखत एरवी ३वर गोळी अडवतं, पण ही बंदूक चिलखत थोडं भेदते, म्हणून त्याला ४ लागतात. निम्म्या गोळ्या अडल्या, सव्वातीन जखमा उरल्या. एक मरीन दोन जखमांनी पडतो. वीस गोळ्या झाडून पडले किती, तर दोनसुद्धा नाहीत.

आता हीच तुकडी पडक्या भिंतीच्या आडोशाला उभी करा. आडोशाचा नियम असा, की चिलखताच्या फाशात एक मिळवायचा. ४च्या जागी ३ चालतात, म्हणजे तीनपैकी दोन गोळ्या अडतात. जखमा सव्वातीनवरून सव्वादोनच्या खाली येतात आणि पडतो जेमतेम एक. थर्माकोलच्या एका भिंतीने नुकसान एक तृतीयांशाने कमी केलं. भिंत पुरेशी उंच असेल आणि तुकडी तिच्यामागे पूर्ण झाकली गेली असेल, तर गोळीबारच होत नाही, कारण जे दिसत नाही त्यावर गोळी झाडता येत नाही.

टेबलावरच्या या डोंगर-भिंती-झाडांना मिळून टेरेन म्हणतात. माझं म्हणणं असं, की नवखे लोक सगळा पैसा आणि वेळ सैन्यावर घालवतात आणि टेरेनला सजावट समजतात. प्रत्यक्षात मोकळ्या टेबलावर दोन हजार पॉइंटांचा सगळा विचार वाया जातो. ज्याच्याकडे लांब पल्ल्याच्या बंदुका आणि पहिली पाळी, तो जिंकतो. धावत जाऊन तलवारीने लढणारी सैन्यं अर्ध्या वाटेतच संपतात. पॉइंटांच्या किमती टेबल नीट भरलेलं आहे असं गृहीत धरून लावलेल्या असतात.

आसईला काय झालं होतं

ही गोष्ट फक्त खेळापुरती नाही, हे दाखवायला लांब जायला नको. २३ सप्टेंबर १८०३ला जालना जिल्ह्यातल्या आसईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली येऊन ठाकला. मराठ्यांची फौज कितीतरी मोठी होती. तिच्यात पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पायदळ होतं आणि तोफखाना भक्कम होता. पुढे केळणा नदी, मागे जुई. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. दुसरा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरुड. दोन गावं अशी वसली आहेत तर मधे उतार असणारच, असा अंदाज त्याने बांधला आणि तो खरा ठरला. तो बगलेवर उतरला. मराठी कवायती फौजेनेही तिथल्या तिथे तोंड फिरवून नवी फळी धरली, हे विशेष. लढाई वेलस्लीने जिंकली, पण त्याचे दीड हजारांवर लोक कामी आले किंवा जखमी झाले.

ऐतिहासिक लढाया टेबलावर खेळणाऱ्यांना आसई आवडते ती यासाठीच. नदी निळ्या कापडाची पट्टी म्हणून टाकली आणि उतार कुठे आहे ते आधीच सांगून ठेवलं, तर त्या लढाईतला मुख्य निर्णयच नाहीसा होतो. आणि ही लढाई मांडताना जमीन इंग्लंडच्या कुरणासारखी हिरवीगार रंगवली, तर मराठी माणसाच्या डोळ्याला ते लगेच खुपतं. तिथे काळी माती हवी, बाभळी हव्यात.

डोंगर बनवायचा कसा

मराठी घरातल्या मुलाला हे काम शून्यापासून शिकवावं लागत नाही. दिवाळीचा किल्ला म्हणजे टेरेनच: दगड-विटांवर गोणपाट, त्यावर चिखल, वर पेरलेले अळीव, आणि पायऱ्यांवर मावळे. फरक दोनच, पण मोठे. किल्ला आठ-दहा दिवस टिकला की पुरे. टेरेन दर रविवारी काढून पुन्हा कपाटात जातं, त्याच्यावर फासे आदळतात, हातांचे धक्के बसतात. दुसरं म्हणजे, किल्ल्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कुणी तक्रार करत नाही. इथे मात्र 'याला तो दिसतो का' हे ठरवायला खेळाडू टेबलाशी वाकून सैनिकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहतात. म्हणून प्रमाण सांभाळावं लागतं. तीन सेंटिमीटरच्या सैनिकाला दार साधारण चार सेंटिमीटरचं.

पण प्रमाणाचाही अतिरेक नको. खऱ्यासारखा उतार केला की सैनिक त्यावर उभाच राहत नाही, घसरतो. खऱ्यासारख्या पायऱ्या केल्या तर ३२ मिलिमीटरची चकती त्यावर मावत नाही. म्हणून अनुभवी लोक टेकडी टप्प्याटप्प्याने सपाट करतात, शेताच्या बांधांसारखी. घराचं छप्पर उचलून बाजूला ठेवता येईल असं करतात. देखणेपणा आणि खेळणं यांच्यात दर वेळी थोडी घासाघीस करावी लागते आणि खेळण्याचं पारडं जड ठेवावं.

सामान साधं आहे. पांढरा थर्माकोल चालतो, पण कापताना त्याचे मणी सुटतात आणि कडा ठिसूळ राहतात. इमारतींच्या छताला उष्णता अडवायला लावतात ते निळे किंवा गुलाबी घट्ट फोमचे ताव सर्वांत चांगले. धारदार कटरने सुरेख कापले जातात, बॉलपेनने विटांच्या रेघा मारता येतात, आणि चुरगाळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबून फिरवला की दगडाचा पोत उमटतो. खाली तळाला सनबोर्ड किंवा पातळ एमडीएफ. एमडीएफला एकाच बाजूने पाणीदार गोंद लावला की तो वाळताना वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही एक हात द्यावा. जमिनीवर पांढरा फेविकॉल आणि चाळलेली वाळू. वाळू दोन-तीन जाडीची मिसळलेली असली की खरी वाटते. पालापाचोळ्याला वापरलेली चहापूड चालते, पण ती कडकडीत वाळवा, नाहीतर बुरशी धरेल. उंच गवताला काथ्याचे तुकडे, झाडाला पिळलेली तार आणि रंगवलेला स्पंजचा चुरा.

एक धोका मात्र आधीच माहीत हवा: स्प्रेच्या डब्यातल्या रंगातलं द्रावण थर्माकोल आणि फोम दोन्ही विरघळवतं. आठवड्याची मेहनत डोळ्यांदेखत खड्ड्याखड्ड्यांची होते. त्यासाठी आधी फेविकॉलमध्ये काळा ॲक्रिलिक रंग मिसळून सगळ्या वस्तूवर जाड हात द्यायचा. फटी बुजतात, पृष्ठभाग कडक होतो आणि पहिला काळा थरही त्यातच होऊन जातो.

रंगाची युक्ती: सावली आपणच रंगवायची

'मला चित्रकला येत नाही' ही सर्वांत जास्त ऐकू येणारी सबब. चित्रकला लागतही नाही. खऱ्या माणसाच्या सदऱ्याच्या घडीत सावली पडते ती आपल्याला दिसते. तीन सेंटिमीटरच्या सैनिकाच्या घडीत पडणारी सावली एवढी इवली असते, की डोळ्याला जाणवत नाही आणि एकाच रंगात रंगवलेला सैनिक सपाट खेळणं वाटतो. त्यामुळे सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच दाखवायचे.

त्यासाठी दोन युक्त्या पुरतात. पहिली वॉश: गडद रंगाचं पाणीदार मिश्रण, जे आपोआप खाचांत जाऊन साठतं. ही झाली सावली. दुसरी ड्रायब्रश: फिकट रंगात बुडवलेला ब्रश कापडावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि वस्तूवरून हलकेच फिरवायचा, म्हणजे रंग फक्त वर आलेल्या कडांना लागतो. हा झाला उजेड. दगडी भिंतीसाठी काळ्यावर गडद करडा, त्यावर मधला करडा, शेवटी मळकट पांढरा असा तीनदा ड्रायब्रश केला, की अर्ध्या तासात भिंत उभी राहते. ब्रश जुना आणि मोठा घ्या. मेकअपचे मऊ ब्रश यासाठी उत्तम असतात. टेरेनला घरच्या भिंतीच्या इमल्शनचे छोटे डबे वापरा. छंदाच्या दुकानातल्या इवल्या बाटल्या सैनिकांसाठी राखून ठेवा.

सैनिकांनाही तोच क्रम: प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात, मग मूळ रंगांचे दोन पातळ थर, वॉश, आणि कडांवर थोडा उजेड. एका वेळी पाच घ्या आणि पाचांचे बूट, मग पाचांचे पट्टे असं करत जा. २०१९पासून मिळणाऱ्या कॉन्ट्रास्ट प्रकारच्या रंगांत मूळ रंग आणि सावली एकाच हातात होते, त्यामुळे घाईच्या माणसाची सोय झाली आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नका. दमट हवेत तो पांढरट, खरखरीत बसतो. जुलैत ब्रशने लावायचा प्रायमर वापरावा.

'पण हे परवडणार कुणाला?'

आक्षेप रास्त आहे. सुरुवातीच्या सैन्याचा एक खोका इंग्लंडातच शंभर पौंडांच्या आसपास पडतो, वर भारतात आणायचा तर पाठवणीचा खर्च आणि जकात. किमतीचं एक कारण म्हणजे पोलादाचे साचे. ते कोरून घेणं अतिशय महाग असतं आणि तो खर्च प्रत्येक खोक्यात थोडाथोडा वसूल होतो. दुसरं कारण म्हणजे नफा, आणि तो भरघोस आहे.

पण खेळ आणि कंपनी एक नव्हे. दर बाजूला दहाच सैनिक लागणारे खेळ आहेत. २०१५मध्ये आलेला 'फ्रॉस्टग्रेव्ह' त्यातला एक. तो कुठल्याही कंपनीचे सैनिक चालवून घेतो आणि त्याचं टेबल तीन फूट चौरस असतं. मात्र ते टेबल पडक्या भिंतींनी खच्चून भरावं लागतं. म्हणजे खर्च दुकानातून उठून तुमच्या कटर-फेविकॉलकडे येतो. १:७२ प्रमाणाच्या ऐतिहासिक शिपायांची खोकी त्या मानाने बरीच स्वस्त मिळतात. कागदावर छापून कापलेले सैनिकही चालतात आणि त्यांच्याशी खेळलेला डाव तितकाच चुरशीचा होतो.

थ्रीडी प्रिंटर हा आजचा लाडका उपाय. रेझिनवर, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकवर चालणारा प्रिंटर केसाएवढ्या पातळ थरांत बारीक काम काढतो, हे खरं. पण घट्ट न झालेलं रेझिन त्वचेला आणि श्वासाला घातक असतं. हातमोजे हवेत, खेळती हवा हवी आणि अल्कोहोलने धुण्याची सोय हवी. झोपायच्या खोलीत तो ठेवू नये. शिवाय गेम्स वर्कशॉपच्या अधिकृत स्पर्धांत दुसरीकडचे सैनिक चालत नाहीत. मित्रांच्या घरी काय चालेल ते मित्र ठरवतात.

'शेवटी फासेच जिंकवतात ना?'

वीस फासे टाकले की निकाल सरासरीच्या आसपास घुटमळतो, एक टाकला की काहीही होऊ शकतं. म्हणून चांगला खेळाडू डाव एकाच मोठ्या तोफेच्या एका फाशावर लावत नाही. समोरच्याला मात्र तसं करायला भाग पाडतो. नशीब खेळात आहेच, पण कोणता फासा कधी टाकावा लागेल हे सैन्य निवडताना आणि भिंतीआड उभं राहताना बरंचसं ठरून गेलेलं असतं.

'मुलांना युद्धाची गोडी कशाला लावायची?'

वेल्सलाही हा प्रश्न होता. टेबलावरचं युद्ध खऱ्या युद्धापेक्षा किती बरं, असाच त्याच्या पुस्तकाच्या शेवटी सूर आहे. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा खेळाने युद्ध टळतं असा दावा कुणी करू नये. 'वॉरहॅमर ४०,०००'मधलं मानवी साम्राज्य तर क्रूर, धर्मांध हुकूमशाही आहे, ते उपहास म्हणून रचलेलं. काहींना तो उपहास कळत नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये कंपनीला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं, की हे साम्राज्य आदर्श म्हणून दाखवलेलं नाही आणि द्वेष पसरवणाऱ्यांना या छंदात जागा नाही. घरात लहान मूल हा खेळ मागत असेल, तर पालकांनी एकदा सोबत बसून ही गोष्ट बोलून घ्यावी. किंवा मग ऐतिहासिक खेळ निवडावा. त्यात निदान हरलेल्या बाजूचंही नाव आणि गाव असतं.

सुरुवात करायची तर

दोन हजारांच्या सैन्याची यादी बाजूला ठेवा. दोन फूट चौरसाचा सनबोर्ड, चार पडक्या भिंती, एक टप्प्याटप्प्याची टेकडी, आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच सैनिक. भिंती आधी करा. त्यांच्यावर ड्रायब्रशचा हात बसतो आणि बिघडल्या तरी दहा रुपयांचा फोम जातो. सैनिक रंगवायला घ्याल तोवर हात वळलेला असेल. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल, तर टेकडी कापण्याआधी माप टेबलाचं घेऊ नका, माळ्यावर तिला ठेवणार त्या खोक्याचं घ्या.